पेशीतील ऊर्जागृहे

रात्री भिजत घातलेले मूग सकाळी उपसून फडक्यात घट्ट बांधून ठेवले, की दुसऱ्या दिवशी त्यांना मोड येतात. ही गोष्ट घरोघरी माहीत असते. पुरचुंडी मोठी असेल, तर ती सोडताना मुगाच्या मधोमध बोट घालून पाहावे. आत स्पष्ट ऊब लागते. पुरचुंडी चुलीजवळ ठेवलेली नसते, उन्हातही नसते. मग ही ऊब येते कोठून? थंडीच्या रात्री अंगावर गोधडी घेतली, की थोड्याच वेळात ती उबदार होते. ती ऊब गोधडीची नसून आपल्या अंगाची असते, हे आपण जाणतो. पुरचुंडीतील ऊबही अशीच मुगाच्या अंगची असते. मोड येणारा दाणा जिवंत असतो, तो श्वसन करतो आणि त्या श्वसनातून उष्णता बाहेर पडते.

परंतु माणसाचे श्वसन आणि मुगाचे श्वसन मुळात एकाच रीतीने चालते काय? १९३० नंतरच्या दशकातही या प्रश्नाचे निश्चित उत्तर शास्त्रज्ञांजवळ नव्हते. ते उत्तर शोधण्यात एका मराठी स्त्रीचा मोलाचा वाटा आहे आणि तिच्या संशोधनाची वाट बंगळुरूमधील एका संस्थेच्या दारात मिळालेल्या नकारापासून सुरू होते. ती हकीकत पाहण्यापूर्वी श्वसन म्हणजे नेमके काय, हे समजून घेतले पाहिजे.

श्वास घेणे आणि श्वसन हे दोन शब्द आपण एकाच अर्थाने वापरतो. विज्ञानाच्या दृष्टीने त्यांत फरक आहे. नाकावाटे हवा आत घेणे आणि बाहेर सोडणे ही केवळ ने-आण होय. हवेतील ऑक्सिजन फुप्फुसांतून रक्तात उतरतो आणि रक्ताबरोबर शरीराच्या कानाकोपऱ्यांतील पेशींपर्यंत पोचतो. खरे श्वसन घडते ते तेथे, पेशीच्या आत. सर्व सजीवांचे शरीर पेशींचे बनलेले असते. पेशी इतकी लहान असते, की ती पाहण्यासाठी सूक्ष्मदर्शक लागतो. या इवल्याशा पेशीतही अनेक लहान लहान घटक असतात. त्यांपैकी एका घटकाचे नाव तंतुकणिका. इंग्रजीतून आलेला मायटोकाँड्रिया हा शब्दही आता मराठीत रूढ झाला आहे. कार्ल बेंडा या जर्मन शास्त्रज्ञाने १८९८ साली हे नाव सुचवले. ग्रीक भाषेतील तंतू आणि कण या अर्थांच्या दोन शब्दांपासून ते बनले आहे. मराठी प्रतिशब्द त्यामुळे अगदी नेमका उतरला आहे.

तंतुकणिकेची रुंदी साधारणपणे अर्ध्या ते एक मायक्रॉनएवढी असते. एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. तिच्याभोवती दोन पटले असतात. बाहेरचे पटल गुळगुळीत असते. आतील पटलाला मात्र असंख्य घड्या पडलेल्या असतात. लांबलचक धोतर लहानशा पेटीत ठेवायचे तर ते घडी घालूनच ठेवावे लागते, तसाच हा प्रकार आहे. घड्यांमुळे थोड्या जागेत मोठा पृष्ठभाग मावतो आणि श्वसनाचे मुख्य काम याच पृष्ठभागावर चालते. पेशीला जितकी ऊर्जा अधिक लागते, तितक्या तिच्यात तंतुकणिका अधिक असतात. यकृताच्या एका पेशीत त्या हजाराच्या घरात असतात. जन्मभर विसावा न घेणाऱ्या हृदयाच्या स्नायुपेशीत तर सुमारे एकतृतीयांश जागा त्यांनीच व्यापलेली असते. उलट, रक्तातील तांबड्या पेशीत एकही तंतुकणिका नसते. ऑक्सिजन वाहून नेणाऱ्या या पेशीला त्याचा उपयोग मात्र करता येत नाही.

आता या तंतुकणिका करतात काय, ते पाहू. भाकरी, भात, गूळ यांतील पिष्ट व शर्करा यांचे पचन होऊन शेवटी ग्लुकोज तयार होते. मूठभर साखर विस्तवात टाकली तर ती भडकन पेटते, तिच्यातील सारी ऊर्जा उष्णतेच्या रूपाने क्षणात निघून जाते आणि कार्बन डायऑक्साइड व पाण्याची वाफ उरते. शरीरातही ग्लुकोज व ऑक्सिजन यांपासून शेवटी कार्बन डायऑक्साइड आणि पाणीच तयार होते. सुरुवात तीच, शेवटही तोच. फरक आहे तो मधल्या वाटेत. पेशीमध्ये असा भडका उडाला असता, तर पेशी जळून गेली असती. म्हणून येथे हे ज्वलन अनेक लहान लहान पायऱ्यांनी होते. उंच माळ्यावरचे धान्याचे पोते खाली फेकले तर ते फुटेल; तेच एकेक पायरी उतरवत आणले तर सुखरूप खाली येईल आणि उतरवताना दोर कप्पीवरून नेला तर त्या उतरण्यातून एखादे कामही करून घेता येईल. तंतुकणिका नेमके हेच करते.

ग्लुकोजचे पहिले तुकडे पेशीद्रव्यात होतात. पुढचे काम तंतुकणिकेच्या आत होते. तेथे या तुकड्यांतील कार्बन सुटा होऊन कार्बन डायऑक्साइडच्या रूपाने बाहेर पडतो. आपण उच्छ्वासावाटे जो वायू सोडतो, तो हाच. राहतात ते हायड्रोजनचे अणू, आणि त्यांच्यापासून सुटणारे इलेक्ट्रॉन. हे इलेक्ट्रॉन ऑक्सिजनच्या हवाली करायचे असतात. परंतु ते थेट दिले जात नाहीत. घराचा स्लॅब टाकताना मजूर रांगेने उभे राहतात आणि घमेले हातोहात पुढे जाते. तंतुकणिकेच्या आतील पटलावर प्रथिनांची अशीच एक रांग असते. एक प्रथिन इलेक्ट्रॉन घेते, दुसऱ्याला देते, दुसरे तिसऱ्याला. प्रत्येक हातबदलात थोडी ऊर्जा मोकळी होते. रांगेच्या शेवटी ऑक्सिजन उभा असतो. तो इलेक्ट्रॉन स्वीकारतो, हायड्रोजनशी संयोग पावतो आणि त्याचे पाणी होते.

या रांगेतील काही प्रथिनांना सायटोक्रोम म्हणतात. सायटोक्रोम म्हणजे पेशीतील रंगद्रव्य. त्याच्या मध्यभागी लोहाचा एक अणू असतो. इलेक्ट्रॉन घेतला, की लोहाची अवस्था पालटते. इलेक्ट्रॉन पुढे दिला, की ती पूर्ववत होते. या रंगद्रव्यांचे कार्य केंब्रिज विद्यापीठातील डेव्हिड केलिन यांनी १९२५ साली जगापुढे मांडले. त्यांचा प्रयोग वर्णन करण्याजोगा आहे. यीस्ट म्हणजे पाव फुगवण्यासाठी वापरतात ते किण्व. त्याचे पाण्यातील दाट मिश्रण केलिन यांनी वर्णपटदर्शकाखाली पाहिले. या उपकरणात प्रकाशाचा सप्तरंगी पट दिसतो आणि एखादे द्रव्य ज्या रंगाचा प्रकाश शोषून घेते, तेथे काळी रेघ उमटते. केलिन यांना अशा चार रेघा दिसल्या. मिश्रण हवेत खळखळून हलवले, तेव्हा रेघा नाहीशा झाल्या. ते क्षणभर स्थिर ठेवले, तेव्हा यीस्टने विरघळलेला ऑक्सिजन वापरून संपवला आणि रेघा पुन्हा प्रकट झाल्या. जिवंत पेशी ऑक्सिजन वापरत असताना तिच्यातील रंगद्रव्य इलेक्ट्रॉन घेते व देते, हे डोळ्यांनी पाहता आले. असा साधा आणि निर्णायक प्रयोग विज्ञानाच्या इतिहासात क्वचित आढळतो.

केलिन यांनी कीटकांचे स्नायू तपासले, यीस्ट तपासले. परंतु झाडापेडांचे काय? वनस्पतींच्या बाबतीत एक अडचण होती. हिरव्या पानातील हरितद्रव्य स्वतःच प्रकाश शोषून घेते, त्यामुळे सायटोक्रोमच्या फिकट रेघा त्यापुढे झाकल्या जातात. शिवाय एक निराळाच विचारही पुढे आला होता. चिरलेल्या बटाट्याची फोड हवेत राहिली की काळपट पडते, हे आपण रोज पाहतो. बटाट्यातील एक विकर, म्हणजे एन्झाइम, ऑक्सिजनच्या साहाय्याने हा बदल घडवून आणते. तेव्हा वनस्पतींचे श्वसन याच विकराच्या आधारे चालत असावे, प्राण्यांसारखी सायटोक्रोमची रांग तेथे नसावी, असे काही शास्त्रज्ञांना वाटत होते. तसे ठरले असते, तर सजीवसृष्टीच्या दोन मोठ्या शाखांत श्वसनाच्या दोन वेगळ्या रीती आहेत, असे मानावे लागले असते.

या टप्प्यावर कमला भागवत यांचे नाव येते. लग्नानंतर त्या कमला सोहोनी या नावाने ओळखल्या गेल्या. त्यांचा जन्म १९११ साली इंदूर येथे झाला. थोर लेखिका दुर्गा भागवत या त्यांच्या वडील भगिनी. वडील नारायणराव आणि चुलते माधवराव हे दोघेही रसायनशास्त्रज्ञ होते व बंगळुरू येथील भारतीय विज्ञान संस्थेत शिकलेले होते. जमशेटजी टाटा यांच्या देणगीतून १९०९ साली स्थापन झालेल्या या संस्थेला लोक टाटा इन्स्टिट्यूट असेच म्हणत. घरातील दोन पिढीजात आदर्श ज्या संस्थेतून आले, तेथेच जाण्याचे कमलाबाईंनी ठरवले असल्यास नवल नाही. १९३३ साली त्या मुंबई विद्यापीठाची बी. एस्‌सी. परीक्षा उत्तम गुणांनी उत्तीर्ण झाल्या आणि त्यांनी बंगळुरूला अर्ज केला.

अर्ज नाकारला गेला. संस्थेचे संचालक होते नोबेल पारितोषिक विजेते सर सी. व्ही. रामन. नकाराचे कारण गुण नव्हते. अर्जदार स्त्री आहे, एवढेच होते. कमलाबाई स्वतः बंगळुरूला गेल्या. कोणत्या नियमाने आपणास नाकारले, असे त्यांनी विचारले आणि प्रवेश मिळाल्याखेरीज परत न जाण्याचा निर्धार केला. ते दिवस गांधीजींच्या सत्याग्रहाचे होते. त्या मार्गाने जाण्यासाठी त्यांना दुसऱ्या कोणाची शिकवण घ्यावी लागली नाही. अखेर प्रवेश मिळाला, पण अटींवर. पहिले वर्ष परीक्षा पाहण्याचे राहील. मार्गदर्शक सांगतील तेव्हा रात्री उशिरापर्यंतही काम करावे लागेल. आणि प्रयोगशाळेतील पुरुष सहकाऱ्यांचे चित्त विचलित होता कामा नये. या शेवटच्या अटीतील अपमान आजच्या वाचकालाही बोचतो. कमलाबाईंनी अटी मान्य केल्या. पण त्यांचे शल्य त्यांनी कधी लपवले नाही. उतारवयात जाहीर समारंभातही ते बोलून दाखवले.

श्रीनिवासय्या यांच्या मार्गदर्शनाखाली त्यांनी दूध, डाळी व कडधान्ये यांतील प्रथिनांवर काम केले. वर्षभरात त्यांच्या कामाची पारख झाली, रामन यांचे मत पालटले आणि त्यानंतर त्या संस्थेचे दार इतर विद्यार्थिनींसाठीही उघडले गेले. १९३६ साली कमलाबाईंनी विशेष प्रावीण्यासह एम. एस्‌सी. पदवी मिळवली. पुढे शिष्यवृत्ती मिळवून त्या केंब्रिजला गेल्या. ज्या विद्यापीठात केलिन यांनी सायटोक्रोमचा अभ्यास केला होता, तेच हे विद्यापीठ. तेथील जीवरसायनशास्त्र विभागाचे प्रमुख जीवनसत्त्वांच्या संशोधनाबद्दल नोबेल पारितोषिक मिळालेले सर फ्रेडरिक हॉपकिन्स हे होते. कमलाबाईंनी प्रथम डेरेक रिश्टर यांच्याबरोबर आणि नंतर रॉबिन हिल यांच्याबरोबर काम केले. हिल हे वनस्पतींच्या रसायनाचे जाणकार होते. त्यांच्या प्रयोगशाळेत कमलाबाईंपुढे आला तो बटाटा.

बटाटा हे जमिनीखाली वाढलेले खोड आहे. ते हिरवे नसते, म्हणून हरितद्रव्याचा अडथळा तेथे जवळजवळ नसतो. तसा तो निपचित पडलेला दिसला तरी जिवंत असतो, म्हणूनच ठेवणीतल्या बटाट्याला कोंब फुटतात. अशा वनस्पतींच्या ऊतींत सायटोक्रोम-सी हे प्रथिन असते आणि तेथील ऑक्सिडीकरणात ते भाग घेते, असे कमलाबाईंना आढळले. त्या सायटोक्रोमकडून इलेक्ट्रॉन घेऊन ते ऑक्सिजनला देणारे सायटोक्रोम ऑक्सिडेज हे विकरही सपुष्प वनस्पतींत आहे, हे हिल व कमला भागवत यांनी १९३९ साली ‘नेचर’ या नियतकालिकात मांडले. फोड काळी पाडणारे विकर बटाट्यात होतेच. पण प्राण्यांत आणि यीस्टमध्ये असलेली रांगही तेथे होती. त्याच वर्षी कमलाबाईंना केंब्रिजची पीएच. डी. मिळाली. त्यांचा प्रबंध अवघ्या चाळीस पानांचा होता, असे सांगतात. विज्ञान विषयात पीएच. डी. मिळवणारी पहिली भारतीय स्त्री म्हणून त्यांचे नाव घेतले जाते.

तरीही एक गोष्ट तेव्हा कोणालाच ठाऊक नव्हती. ही रांग पेशीत नेमकी कोठे उभी असते? तंतुकणिका सूक्ष्मदर्शकातून दिसत होत्या, सायटोक्रोम वर्णपटातून दिसत होते. परंतु दोन्हींची सांगड पूर्णपणे घातली गेली नव्हती. १९४८-४९ साली अमेरिकेत यूजीन केनेडी व अल्बर्ट लेहनिंजर यांनी उंदरांच्या यकृतातील तंतुकणिका वेगळ्या काढून दाखवून दिले, की ऑक्सिजन वापरून ऊर्जा साठवण्याचे काम त्यांच्यातच होते. त्यानंतर १९५१ साली अमेरिकेतीलच संशोधकांनी वनस्पतीच्या तंतुकणिकाही हेच काम करतात, असे सिद्ध केले. त्यासाठी त्यांनी वापरली होती मुगाची कोवळी रोपे.

पेशी ऊर्जा साठवते ती एटीपी नावाच्या रेणूत. एटीपी हे पेशीचे चलनी नाणे होय. धान्य देऊन प्रत्येक वस्तू विकत घेता येत नाही, ते आधी बाजारात विकून नाणी करावी लागतात. त्याचप्रमाणे ग्लुकोजमधील ऊर्जा प्रथम एटीपीत रूपांतरित होते आणि मग स्नायूंचे आकुंचन, मज्जातंतूंचे संदेश, नव्या प्रथिनांची निर्मिती असे सर्व व्यवहार त्या नाण्यांवर चालतात. ऑक्सिजनशिवाय ग्लुकोजच्या एका रेणूपासून पेशीला एटीपीचे दोनच रेणू मिळतात. तंतुकणिकेच्या साहाय्याने ही संख्या सुमारे तीसवर जाते. माणसाच्या शरीरात दिवसभरात घडणाऱ्या व मोडणाऱ्या एटीपीचे एकूण वजन त्याच्या स्वतःच्या वजनाइतके भरते, असा अंदाज आहे. अर्थात तेच थोडे रेणू पुनःपुन्हा वापरले जातात.

हातोहात जाणाऱ्या इलेक्ट्रॉनपासून एटीपी कसा घडतो, हे कोडे मात्र बराच काळ सुटले नाही. १९६१ साली पीटर मिचेल या इंग्रज शास्त्रज्ञाने एक कल्पना मांडली. ती समजण्यासाठी धरणाचा दाखला उपयोगी पडतो. बंगळुरूत १९०५ साली विजेचे दिवे लागले, ते कावेरी नदीवरील शिवनसमुद्र येथील पाण्याच्या जोरावर. उंचावरून पडणारे पाणी चक्र फिरवते आणि चक्रामुळे वीज निर्माण होते. मिचेल यांच्या मते इलेक्ट्रॉन पुढे सरकताना मोकळी होणारी ऊर्जा जणू पाणी उपसण्याच्या कामी येते. हे पाणी म्हणजे प्रोटॉन, हायड्रोजनच्या अणूचे केंद्रक. रांगेतील तीन ठिकाणी प्रोटॉन आतील पटलाच्या पलीकडे ढकलले जातात आणि तेथे साचतात. घड्यांचे ते पटल धरणाच्या भिंतीसारखे असते. साचलेल्या प्रोटॉनांना परत येण्यासाठी एकच मोठी वाट असते आणि त्या वाटेवर एक विकर चक्राप्रमाणे फिरते. त्याच्या फिरण्यातून एटीपी घडतो.

ही कल्पना प्रथम बहुतेकांना चमत्कारिक वाटली. मिचेल यांनी कॉर्नवॉल परगण्यातील एका जुन्या वाड्यात स्वतःची छोटी प्रयोगशाळा थाटून काम चालू ठेवले आणि १९७८ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. चक्रासारखे फिरणे ही केवळ उपमा नव्हे. १९९७ साली जपानी शास्त्रज्ञांनी त्या विकराला चकाकणारा सूक्ष्म धागा जोडला आणि तो गरगर फिरताना सूक्ष्मदर्शकातून पाहिला.

धरणाच्या भिंतीतून थोडे पाणी झिरपते, तसे काही प्रोटॉन चक्र न फिरवताच परत येतात आणि ती ऊर्जा उष्णता होऊन जाते. इतर पायऱ्यांवरही काही भाग उष्णतेतच जातो. पुरचुंडीतील ऊब ती हीच. तान्ह्या बाळाच्या अंगात तपकिरी रंगाची एक विशिष्ट चरबी असते. तिच्यातील तंतुकणिकांत प्रोटॉनांना मुद्दाम मोकळी वाट दिलेली असते. बाळाला थंडीत कुडकुडता येत नाही. ही चरबी त्याला ऊब देते.

ही रांग तुटली तर काय होते, हे सायनाइडच्या विषावरून कळते. सायनाइड रांगेच्या शेवटच्या विकरावर जाऊन बसते. मग ऑक्सिजनला इलेक्ट्रॉन मिळत नाहीत. विषबाधा झालेल्या माणसाच्या फुप्फुसांत हवा असते, रक्तात ऑक्सिजनही भरपूर असतो, पण पेशी तो वापरू शकत नाहीत. भरल्या ताटापुढे बसून उपासमार व्हावी, तशी ही अवस्था होय आणि ती काही मिनिटांत प्राण घेते. उपवासाचा साबुदाणा ज्या टॅपिओकाच्या कंदापासून बनतो, त्याच्या कडू जातींत सायनाइड निर्माण करणारी द्रव्ये असतात. म्हणून तो कंद नीट प्रक्रिया केल्याशिवाय खात नाहीत.

कमलाबाई १९३९ साली भारतात परतल्या. दिल्लीचे लेडी हार्डिंज वैद्यकीय महाविद्यालय, कुन्नूरची पोषण संशोधन प्रयोगशाळा आणि नंतर मुंबईची विज्ञान संस्था येथे त्यांनी काम केले. केंब्रिजमधील सूक्ष्म प्रश्नांपेक्षा भारतातील गरिबांच्या ताटातील प्रश्न त्यांना अधिक निकडीचे वाटले असावेत. कारण यापुढचे त्यांचे संशोधन कडधान्ये, ताडाची नीरा आणि कुपोषित मुलांचा आहार यांवर आहे. १९९८ साली त्यांचे निधन झाले.

सायटोक्रोम-सीची कथा त्यांच्या हयातीतच खूप पुढे गेली होती. हे प्रथिन म्हणजे अमिनो आम्लांची एक साखळी आहे आणि माणसाच्या साखळीत १०४ दुवे असतात. निरनिराळ्या सजीवांतील या साखळ्या शास्त्रज्ञांनी दुव्यागणिक ताडून पाहिल्या. माणूस आणि चिंपांझी यांच्या साखळ्यांत एकाही दुव्याचा फरक आढळला नाही. माणूस आणि गहू यांच्या साखळ्यांतही निम्म्याहून अधिक दुवे सारखेच निघाले. इतकेच नव्हे, तर गव्हाच्या अंकुरातून काढलेले सायटोक्रोम-सी प्राण्यांच्या तंतुकणिकेतील विकराला दिले, तर ते विकर त्याच्याकडून इलेक्ट्रॉन घेते आणि ऑक्सिजनच्या हवाली करते.